सोलापुरात घरापुढच्या हरळीसाठी गवत कापायचं कोणतं यंत्र घ्यावं?
हरळी, सपाट जागा आणि जेमतेम ४०० चौरस फूट, असं तुम्ही लिहिलंय. मग हाताने ढकलायचं रीळवालं यंत्र घ्या. ढकललं की रिळावरची पीळदार पाती फिरतात आणि खालच्या स्थिर पात्याशी गवत कात्रीत धरल्यासारखं कापतात. टोक स्वच्छ कापलं जातं, म्हणून हिरवळ ताजी दिसते. एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये इंग्लंडात हे यंत्र बनवलं, ते कापडावरचे वर आलेले तंतू छाटणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून! चादरी-टॉवेलांच्या आपल्या गावात हे सांगताना मला फार आनंद होतो.

रोटरी यंत्रात एकच आडवं पातं प्रचंड वेगाने फिरतं आणि गवताला फटकारून तोडतं. उंच वाढलेल्या, खडबडीत जागेला तेच बरं. पण पातं बोथट झालं की टोकं फाटतात आणि दोन दिवसांत सगळं पिवळट दिसतं. आमच्या शेजारी असंच झालं होतं. ते पाणी वाढवत राहिले, दोष मात्र पात्याचा होता.

नायलॉन दोरीचं कटर फक्त कडांसाठी. झाडाच्या बुंध्याला लावू नका, साल सोलली जाते.

एक तृतीयांशाहून जास्त उंची एका वेळी कापू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तर पातं एक खाच वरच ठेवा, म्हणजे मुळांवर सावली राहते. पावसाळ्यात दर आठवड्याला कापा, कारण फार वाढलेलं गवत रिळाखाली नुसतं आडवं होतं.