दलाए १३५ एम (१९४८ची फ्रेंच गाडी, बॉडी शाप्रों या बॉडी-कारागिराची) कन्व्हर्टिबल : इंजिन चालू, पण गिअर पडत नाही. गिअरबॉक्स उतरवावा का?

इतक्यात उतरवू नका, आधी वीजपुरवठा तपासा. या गाडीत कोताल गिअरबॉक्स असेल, तर चार गिअर विद्युतचुंबकांवर चालतात. स्टिअरिंगजवळची छोटी कांडी म्हणजे निव्वळ स्विच. करंट नसेल तर गाडी कायम न्यूट्रलमध्ये. (म्हणूनच चढावर गिअरच्या भरवशावर ती उभी करता येत नाही, हँडब्रेक धडका हवा.) पुढे-मागे जाण्याचा वेगळा यांत्रिक दांडा मधल्या (न्यूट्रलच्या) जागी अडकलेला नाही ना, हेही आधी बघा. तो गाडी पूर्ण थांबल्यावरच हलवायचा, नाहीतर दाते झडतात.

मग बघा किती गिअर गेलेत:
- चारही गेले : बॅटरी, फ्यूज, अर्थिंग किंवा स्विचची मुख्य वायर.
- दोनच गेले : एखादी कॉइल (चुंबकाचं वेटोळं), तिची वायर किंवा ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारा संपर्क). प्रत्येक गिअरला दोन चुंबक लागतात आणि एक चुंबक दोन गिअरांत वापरला जातो, त्यामुळे दोष जोडीनेच दिसतो.
- पडतो, पण चढावर घसरतो : कमी व्होल्टेज, नाहीतर झिजलेल्या चकत्या. गिअरबॉक्सच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. तिथे ते पुरेसं असेल तरच पेटी उघडायची.

जुन्या कापडी वेष्टणाच्या वायरी आणि काळे पडलेले स्विचचे संपर्क हेच बहुतेक वेळा गुन्हेगार निघतात. मात्र १३५ मालिकेतल्या काही गाड्यांना साधा हाताने टाकायचा गिअरबॉक्सही होता. स्टिअरिंगजवळ ती कांडीच नसेल, तर यातलं काही लागू नाही.