वजन हललं नाही म्हणून चालणं सोडू का?

मी नागपुरात डायबिटीसचं समुपदेशन करते, आणि सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच की मॅडम घरात सगळ्यांनाच शुगर आहे, चालून चालून वजन काही कमी होत नाही, मग मला होणारच ना? आज एका दादांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

वय ३९. इतवारीत एका ठोक दुकानात हिशोब सांभाळतात, सकाळी दहाला गादीवर बसले की रात्री नऊलाच उठतात, मधे फक्त डब्यापुरते. डिसेंबरात एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) निघाला ६.१, म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या अलीकडची पायरी (५.७ ते ६.४ मधे धरतात, ६.५ पासून पुढे डायबिटीस). घाबरून लगेच फुटाळा तलावावर चालायला सुरुवात केली, कानटोपी घालून, आठवड्यातून पाच दिवस. एप्रिलमधे माझ्यासमोर बसले तेव्हा चालणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते.

खिशातून त्यांनी छोटी डायरी काढली. दर रविवारचं वजन. ७४.२, ७४, ७४.३, ७३.९... आणि शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा, खातं बंद करताना मारतात तशा.

"पाहा ना मॅडम, तीन महिने चालून राहिलो मी, काटा जागचा हलत नाही. बाबांना होतं, मोठ्या भावाला आहे, मग मी काहून उन्हात मरू?"

मी लगेच समजवायला गेले नाही, बाबांबद्दल विचारलं. शुगरमुळे बाबांच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं आणि बारावीत असताना रोजचं ड्रेसिंग हेच करायचे. सांगताना नजर सारखी स्वतःच्या पायाकडे जात होती. अशा माणसाला लोक आळशी म्हणून मोकळे होतात, मला खूप वाईट वाटतं त्याचं.

मग टेप काढला. डिसेंबरच्या कागदावर कंबर ९७ सेंटीमीटर होती, आता भरली ९३. आपल्याकडे पुरुषांची ९० च्या आत हवी, बायकांची ८० च्या. दादा पट्ट्याकडे बघत म्हणाले, "हाव, एक भोक आत गेलं खरं, मला वाटलं पट्टाच सैल झाला."

हिशोबाचा माणूस, म्हणून आकडेच सांगितले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मधे एक अभ्यास छापला, ५३१ लोक, सगळे डायबिटीसच्या उंबरठ्यावरचे. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना डायबिटीस झाला, ज्यांनी चालणं आणि खाणं सुधारलं त्यांच्यात ३९ जणांना, आणि गंमत बघा, या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं!

"आणि ते ३९?" त्यांनी लगेच विचारलं.

झाला त्यांना, खोटं कशाला सांगू. पण चीनमधे दाचिंगला १९८६ मधे असाच अभ्यास सुरू झाला आणि ३० वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं, तिथे खाणं-व्यायाम सुधारलेल्यांना डायबिटीस जवळपास चार वर्षं उशिरा झाला आणि डोळे, किडनी, नसांचे त्रासही कमी झाले. हे ऐकून दादा जरा गप्प बसले.

होतं काय, स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ते इन्सुलिनची (साखर पेशींत पोचवणारं शरीरातलं हार्मोन) फार वाट न बघता आत ओढतात, आणि नंतरही एक-दोन दिवस इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. हे वजनकाट्यावर कुठे दिसणार? म्हणून मी एकच गोष्ट घट्ट धरायला सांगते, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

आता नागपूरचा मे महिना, ४५ डिग्रीत कोणी चालावं असं मी कधीच म्हणणार नाही बाप्पा. आम्ही असं ठरवलं की पहाटे जमलं तर फुटाळा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं, दुकानात दर अर्ध्या तासाने गादीवरून उठून गोडाऊनचा जिना एकदा चढायचा, आणि आठवड्यातून दोनदा घरी खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून दंड. एकूण आठवड्याला १५० मिनिटं तरी व्हावीत. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे मी सगळ्यांनाच सांगते.

जुलैअखेर आले. एचबीए१सी ५.९, वजन ७३.५. डायरी उघडून दाखवली, वजनाचा रकाना काढून टाकलेला, आता फक्त मिनिटं आणि महिन्यातून एकदा कंबर. जूनमधे घरात लग्न होतं, तिथे चार दिवस कोरे होते आणि त्याभोवती त्यांनी स्वतःच लाल पेनाने गोल केला होता. निघताना विचारलं, मोठ्या भावाला घेऊन येऊ का, त्याचं औषध सुरू आहे पण तो अजिबात हलत नाही. म्हटलं आणा ना, रविवार सोडून कधीही.