वाचकांचे प्रश्न : बंद पंखाला झाकण

प्रश्न (ऐरोली) : रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात आम्ही तिघे मिळून दोन आसनांचं, पूर्ण धातूचं विमान बांधतो आहोत. पंखाचा खालचा पत्रा ०.०२५ इंची २०२४-टी३ (विमानासाठीचं मिश्र अ‍ॅल्युमिनियम) आहे आणि तो रिवेट करून झाला आहे. आता एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) बेलक्रँकपर्यंत, म्हणजे तिला हलवणाऱ्या कोनी तरफेपर्यंत, हात पोचत नाही. त्या जागी दोन रिबांमध्ये (पंखाच्या आडव्या आधारांमध्ये) ३०० मिमी अंतर आहे, मध्ये स्ट्रिंगर (पत्र्याला आधार देणारी लांबीच्या दिशेची पट्टी) नाही. खालून झाकण करायचं तर भोक किती मोठं ठेवावं आणि त्याभोवती काय लावावं?

उत्तर : झाकण हवंच. बेलक्रँकचा बोल्ट नुसता बोरस्कोपने (नळीच्या कॅमेऱ्याने) पाहून भागत नाही. कॅसल नटची कॉटर पिन बदलायची किंवा बेअरिंगला ग्रीस द्यायचं, तर हात आत जायलाच हवा.

पण कात्री लावण्याआधी कागदावर बसा. उड्डाणात खालचा पत्रा पंखाच्या लांबीच्या दिशेने ताणला जातो, शिवाय पंखाला पिळणारा भारही तोच वाहतो. भोक पाडलं की त्या जागेचा भार कडेने वळतो आणि कोपऱ्यांत साठतो. भेग तिथूनच निघते. म्हणून आतून डब्लर, म्हणजे जोडपत्र्याचं कडं, लावायचं. झाकणाला या हिशेबात धरू नका. त्याची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी असतात, त्यामुळे झाकण आधी सरकतं आणि भार घेईपर्यंत पत्रा ताणून झालेला असतो.

मापं अशी धरा. हात जायला १०० × १४० मिमी मोकळी जागा पुरते. स्क्रूसाठी चारी बाजूंनी २० मिमीची ओठी, म्हणजे भोकात डोकावणारी डब्लरची कड, हवी, म्हणून पत्र्यातलं भोक १४० × १८० मिमी. त्याची लांब बाजू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि कोपऱ्यांना ४० मिमी त्रिज्या द्या. चौकोनी कोपरा कुठेही नको. आता जाडी. आडव्या छेदात कापला गेलेला पत्रा १४० × ०.६४, म्हणजे सुमारे ९० चौरस मिमी. लांबीच्या छेदात १८० × ०.६४, म्हणजे ११५. डब्लर भोकाच्या कडेपासून बाहेर ३८ मिमी नेला, तर ओठीसकट एका बाजूची पट्टी ५८ मिमी होते आणि दोन्ही बाजू मिळून ११६. ०.०३२ इंची पत्र्यात (०.८१ मिमी) क्षेत्रफळ ९४ भरतं, म्हणजे एका दिशेला पुरतं पण दुसऱ्या दिशेला कमी पडतं. ०.०४० इंचीत (१.०२ मिमी) ११८ मिळतं. म्हणून ०.०४० घ्या. कड्याचं बाहेरचं माप २१६ × २५६ होईल. तुमच्या ३०० मिमीच्या जागेत ते रिबांच्या फ्लँजला (वळवलेल्या कडेला) न भिडता बसतं. रिवेटची आणि स्क्रूची भोकंही क्षेत्रफळ खातात, तेव्हा हा आकडा किमान समजा. आराखडा विमानाच्या डिझायनरला पाठवून लेखी होकार घ्या. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या कागदपत्रांतही हा बदल काम सुरू करण्याआधी दाखवा.

पंख बंद आहे, हीच तुमच्या कामातली खरी अडचण. २१६ मिमी रुंदीचं अखंड कडं १८० मिमीच्या भोकातून आत जाणार नाही. त्याचे दोन भाग करावेच लागतील. कापणी लांबीच्या दिशेने करा, म्हणजे सांधे आखूड टोकांना येतील आणि पंखाच्या लांबीचा ताण वाहणाऱ्या लांब बाजू अखंड राहतील. प्रत्येक भाग १०८ मिमी रुंद, तो आडवा धरून सहज आत जातो. दोन्ही सांध्यांवर आतून त्याच जाडीची पट्टी, सांध्याच्या प्रत्येक बाजूला रिवेटच्या किमान दोन ओळी. विमान उघडं असतानाच झाकणाचा विचार केला, तर हे सांधे लागतच नाहीत. ज्यांचा पंख अजून बंद व्हायचा आहे त्यांनी अखंड कडंच लावावं.

पत्रा बाजारातून नुसता ‘अ‍ॅल्युमिनियम’ म्हणून आणू नका. त्यावर २०२४-टी३ अल्क्लॅड (शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला) आणि क्यूक्यू-ए-२५०/५ हा त्याचा मानक क्रमांक असा छाप हवा, सोबत मिलचं प्रमाणपत्र हवं. खुणा बारीक फेल्ट पेनने करा. पेन्सिलीतलं ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमला गंज लावतं आणि सुईने ओढलेल्या रेघेतून भेग सुरू होते.

कामाचा क्रम महत्त्वाचा. कड्याचे दोन्ही भाग आधी पंखाच्या बाहेरून जागेवर ठेवा, त्यांच्यातूनच पत्र्यात ४० नंबरच्या ड्रिलने भोकं मारा आणि क्लेको (तात्पुरत्या पकडपिना) लावत जा. रिवेटच्या दोन ओळी: एक भोकाच्या कडेपासून ८ मिमीवर, दुसरी कड्याच्या बाहेरच्या कडेपासून ८ मिमीवर. अंतर २० ते २२ मिमी, आणि एका ओळीचं भोक दुसऱ्या ओळीच्या दोन भोकांच्या मध्ये यावं. मग कडं काढून पत्रा कापा. रेघेच्या आत भोकांची साखळी मारा, स्निप्सने उघडा, राहिलेला दीड मिमी कानशीने रेघेपर्यंत आणा. ग्राइंडर लावू नका. पत्रा तापतो आणि त्याचं टेम्पर (कडकपणा) बिघडतं. शेवटी कड इतकी गुळगुळीत करा की कानशीचा एकही आडवा ओरखडा दिसता कामा नये. आत पडलेला कीस चुंबकाला लागत नाही, म्हणून सुरुवातीलाच आत प्लास्टिक चिकटवा आणि मग व्हॅक्यूम फिरवा.

रिवेट एएन४२६एडी३ (सपाट डोक्याचे, ३/३२ इंची), लांबी ३.५ (इंचाच्या सोळाव्या भागांत). सांध्यावर तीन थर येतात, तिथे ४. पत्रा ०.०२५ इंची असल्याने त्यात काउंटरसिंक (डोक्यासाठी खड्डा कोरणं) चालत नाही (३/३२ रिवेटला किमान ०.०३२ लागतो), तेव्हा पत्रा आणि डब्लर दोन्ही डिंपल करा, म्हणजे दाबून खळगा पाडा. तीन इंची योकचा (जबड्याचा) रिवेट दाबणारा स्क्वीझर असेल, तर ओठीच्या कडेपासून बाहेरची ओळ ५० मिमीवरच येते, म्हणजे बकिंग बारची (रिवेटमागे धरायच्या ठोकळ्याची) झटापट वाचते. दाबलेलं डोकं ३.६ मिमी रुंद आणि १.२ मिमी उंच असावं.

ओठीवर दहा नटप्लेट (पत्र्याला रिवेट करायचे नट), के१०००-०८, साधारण ५० मिमी अंतराने. त्या कड्याला टेबलावरच बसवून घ्या, आत कठीण जातं. झाकण ०.०३२ इंची, भोवती पाऊण ते एक मिमी फट. स्क्रू एएन५२५-८३२, रुंद डोक्याचे. खालच्या बाजूला सपाट डोक्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. घट्ट करायचं माप १२ ते १५ इंच-पौंड; नटप्लेट नवी असताना तिचं स्वतःचं घर्षण यात मिळवा.

रंगाचं सांगायलाच हवं, कारण खाडीच्या हवेत मीठ आहे आणि अल्क्लॅडचा थर कापलेल्या कडेवर राहत नाही. जोडणाऱ्या दोन्ही पृष्ठांवर इपॉक्सी प्रायमर मारून ते पूर्ण वाळल्यावरच रिवेट मारा. पावसाळ्यात पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असेल तेव्हाच स्प्रे करा, नाहीतर पापुद्रा पुढे सुटतो. स्टीलच्या स्क्रूखाली प्रायमर अजिबात तुटू देऊ नका. एका पंखाला वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढेल. दोन्ही पंख सारखेच करा आणि वजन-समतोलाची नोंद नव्याने करा.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे) : फायबरग्लास आणि फोमच्या सँडविचच्या बॉडीला असं झाकण करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण स्क्रूचा दाब फोमवर येऊ देऊ नका, तो चेपतो आणि स्क्रू कायमचा ढिला राहतो. भोकाच्या कडेपासून २५ मिमीपर्यंत आतला थर आणि फोम काढा. उरलेल्या फोमची कड उताराने कापा आणि त्या खोबणीत इपॉक्सी व कापसाच्या तंतूंचं मिश्रण भरून त्यावर कापडाचे नवे थर चढवा. थर जुन्या कापडावर ३० मिमी तरी चढले पाहिजेत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पुढचा थर देण्याआधी साध्या पाण्याने पुसा आणि घासा. सॉल्व्हेंटने तो निघत नाही, फक्त पसरतो.

प्रश्न (कळवा) : झाकणाला स्क्रूऐवजी पाव वळणाचे डझूस (पटकन उघडणारे खटके) लावले तर?

उत्तर : इंजिनाच्या काउलिंगवर (आवरणावर) तेल तपासायचं दार रोज उघडतं, तिथे ते योग्य. पंखाचं झाकण वर्षातून दोनदा उघडतं आणि मधल्या काळात कंपनं सतत चालू असतात. तिथे दहा स्क्रू आणि सेल्फ-लॉकिंग नटप्लेटच ठेवा, आणि झाकण उघडताना एखाद्या नटप्लेटमध्ये स्क्रू हाताने सहज फिरू लागला तर ती नटप्लेट लगेच बदला.