विहीणबाईंना ‘बोंझूर’

या वेळी निवडलेली सगळी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख कशी करून द्यायची. उच्चार देवनागरीत देते आहे, म्हणून आधी एक सूचना. ‘झ’ दिसेल तिथे ‘झाड’मधला झ म्हणू नका. तोंडाने ‘श्श्श’ करा आणि ते चालू असतानाच घशातून आवाज काढा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर जाणवेल. तो फ्रेंच झ. ‘ज’ मात्र आपल्या जहाजातलाच.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय 71, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लेक लियोंला असते, जावई फ्रेंच. बाळंतपणासाठी तिकडे निघाले आहे. विहीणबाई पहिल्यांदाच भेटणार आणि त्यांना इंग्रजी येत नाही. मोबाइलवरचं अॅप मला ‘मुलगा सफरचंद खातो’ शिकवतंय. मला पाच वाक्यं द्या.

बाई, पाच कशाला, तीनात काम होईल.

दारात उभ्या राहाल तेव्हा सगळ्यात आधी ‘बोंझूर’. संध्याकाळ असेल तर ‘बोंस्वार’. फ्रान्समध्ये याच्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही. बेकरीत गेलात आणि थेट पाव मागितलात, तर समोरची बाई पाव देईल, पण तोंड पाडून. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात कोणी नमस्कार करून साखर मागत नाही, त्यामुळे आपल्या माणसांना ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

मग : ‘झ स्वी ला मामाँ द...’ आणि पुढे लेकीचं नाव. मी अमुकची आई. विहीण म्हणायला तिकडे सुटसुटीत शब्द नाही आणि तुम्हाला तो लागणारही नाही. लेकीचं नाव ऐकलं की त्यांचा चेहरा खुलेल, तेवढ्यात ‘झ मापेल...’ म्हणून आपलं नाव सांगा. शेवटी ‘आँशाँते’, भेटून आनंद झाला. बाईने लिहिताना शेवटी एक जास्तीचा ‘e’ लिहायचा असतो, कानाला फरक नाही.

वय सांगू नका. प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात वय असतं, पण 71 वर्षांच्या बाईला तिचं वय तिकडे फक्त डॉक्टर आणि सरकारी खिडकी विचारते. तरी हौस असेल तर सांगते : ‘झे स्वासाँत-ए-ओंज आँ’, म्हणजे साठ आणि अकरा. सत्तरला त्यांच्याकडे साठ-दहा म्हणतात आणि ऐंशीला चार-वीस. आपल्याकडची जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणायची, अगदी तसंच. हेच तुम्ही जिनिव्हाला जात असतात, तर सत्तरला ‘सेप्ताँत’ असा सरळ शब्द मिळाला असता.

त्यापेक्षा शिक्षिका होते हे सांगा : ‘झेते अँस्तित्युत्रिस’. त्यातल्या ‘त्यु’साठी ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे आणि आतून जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची. आरशासमोर चार दिवस केलंत की जमेल. हे वाक्य मी मुद्दाम देतेय, कारण शाळा म्हटली की कुठल्याही देशातली आजी बोलती होते.

त्यांना ‘तू’ म्हणायचं नाही, ‘वू’ म्हणायचं. वू म्हणजे आपलं अहो-जाहो. विहिणीला अरे-तुरे करायचं साताऱ्यात तरी कुणाच्या मनात येईल का? पण तिकडे काही तासांतच त्या स्वतः विचारतील, ‘ओं प स त्युत्वाये?’, एकमेकींना ‘तू’ म्हणू या का? असं विचारलं तर ‘वी, आवेक प्लेजीर’ म्हणून मोकळ्या व्हा. नाही म्हणणं फार कोरडं दिसतं. आपण होऊन मात्र विचारू नका, वयाने किंवा मानाने मोठ्या असलेल्या माणसाने विचारायचं असतं.

गालाला गाल लावायची पद्धत आहेच. ओठ टेकवायचे नसतात, आवाज हवेतच करायचा. किती वेळा आणि आधी कुठला गाल, हे गावागणिक बदलतं, तेव्हा त्यांच्यामागे जा. नको वाटलं तर आधीच हात पुढे करा. आणि त्या भराभर बोलायला लागल्या की : ‘प्ल्यू लाँतमाँ, सिल वू प्ले’. जरा सावकाश.

प्रश्न : मी अकरावीत आहे. डेल्फ ए-1ची, म्हणजे फ्रेंचच्या प्राथमिक पातळीची, तोंडी परीक्षा आहे. सरांनी दिलेला पंधरा ओळींचा परिचय पाठ झालाय, पण परीक्षकाने मध्येच काही विचारलं तर?

विचारणारच. परिचयाचा भाग साधारण एक मिनिटाचा असतो आणि त्याला तयारीचा वेळ मिळत नाही. दहा मिनिटं मिळतात ती पुढच्या दोन भागांसाठी. पाठ केलेला उतारा परीक्षकाला दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येतो, कारण मुलं त्यात श्वासच घेत नाहीत. तो तुला थांबवून विचारेल, भाऊ-बहीण आहेत का, शनिवारी काय करतोस. म्हणून पंधरा ओळी सोड. सहा सुटे तुकडे कर : नाव, गाव, घरची माणसं, कॉलेज, आवड, भाषा. कुठलाही तुकडा कुठूनही उचलता आला पाहिजे.

पुढचा भाग तर उलटाच आहे. तुला शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळतात आणि त्यावरून परीक्षकाला प्रश्न *तू* विचारायचे असतात. तिथे पाठांतरवाले गप्प होतात. आजपासून घरी प्रत्येक वाक्यानंतर ‘ए वू?’ जोडत जा. ‘झाबीत आ सांगली, ए वू?’ मी सांगलीला राहतो, आणि तुम्ही?

दुसरं, वाक्य मनात इंग्रजीत जुळवू नकोस. ‘मी विद्यार्थी आहे’ याचं ‘झ स्वी एत्युद्याँ’ होतं, मध्ये ‘एक’ येत नाही, मराठीसारखंच. इंग्रजीवरून आलास की हमखास तिथे ‘अँ’ घुसतो. वयाला मात्र दोन्ही भाषा विसर. तिथे वर्षं ‘असतात’ : ‘झे दिसेत आँ’, माझ्याजवळ सतरा वर्षं आहेत. ‘झ स्वी’ म्हटलंस की चुकलं. पास व्हायला 100 पैकी 50 लागतात आणि चारही विभागांत 25 पैकी किमान 5, त्यामुळे तोंडीत अडखळलास तरी आभाळ कोसळत नाही.

प्रश्न : मी तुलूजच्या ऑफिसशी फोनवर बोलतो. आडनाव जगताप. स्पेलिंग सांगतो तेव्हा ते भलतंच लिहितात.

लिहिणारच. इंग्रजी ‘जे’ला ते ‘झी’ म्हणतात आणि ‘जी’ला ‘झे’. तुमच्या आडनावात दोन्ही आहेत! असं सांगा : झी, आ, झे, ते, आ, पे. ईमेलमधलं अॅट म्हणजे ‘आरोबाज’, डॉट म्हणजे ‘प्वँ’. ‘एच’ला ‘आश’, ‘वाय’ला ‘इग्रेक’, ‘ई’ला नुसता ‘अ’, ओठ गोल करून.

आणि ‘व्होत्र नों?’ विचारलं तर आडनावच सांगा. पहिलं नाव हवं असेल तेव्हा ते ‘प्रेनों’ म्हणतात. फॉर्मवरही तसंच. पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचं नाव असेल तर तेही प्रेनोंच्या रकान्यात जातं. सहकाऱ्यांपैकी कुणी सचिन किंवा हेमंत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा, पहिला ‘साशँ’ होतो आणि दुसऱ्याचा ‘ह’ आणि ‘त’ दोन्ही गळून ‘एमाँ’ उरतो.

प्रश्न : माझं लग्न झालेलं नाही. स्वतःला ‘मादम्वाजेल’ म्हणू का?

नको. 2012 साली पंतप्रधानांच्या परिपत्रकाने तो शब्द सरकारी फॉर्मवरून काढला. मोठ्या बाईला सरळ ‘मादाम’, लग्न झालेलं असो-नसो. पण हे दुसऱ्याने तुम्हाला म्हणायचं. तुम्ही नाव-आडनाव सांगा आणि थांबा.