आवडत्या कादंबरीवर चित्रपट येणार असेल, तर आधी पुस्तक पुन्हा वाचावे का? की अपेक्षा कमी ठेवूनच जावे?

वाचावे, आणि सगळे जमणार नसेल तर शेवटची प्रकरणे तरी अवश्य वाचावीत. अपेक्षा कमी ठेवून जाण्याचा सल्ला मात्र मी कधीच देणार नाही. ज्या पुस्तकाने आपल्याला रात्ररात्र जागवले, त्याच्यावरच्या चित्रपटाकडून भरभरून मागणे हा वाचकाचा हक्कच आहे.

माझ्या बाबतीत ते पुस्तक म्हणजे फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' ही तीन पुस्तकांच्या मालिकेतली पहिली कादंबरी. १९९५ साली निघालेली ही कादंबरी अमेरिकेत 'द गोल्डन कंपास' या नावाने आली आणि त्याच नावाचा चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ख्रिस वाइट्झ यांनी मध्येच काम सोडले, त्यांच्या जागी आलेले आनंद टकरही बाहेर पडले आणि वाइट्झ पुन्हा परतले. अशा प्रत्येक बातमीने माझा जीव टांगणीला लागत असे. त्या काळात आमच्याकडे शिकायला राहिलेल्या धाकट्या मामेबहिणीला मी रोज रात्री ही गोष्ट थोडी थोडी सांगत असे. कादंबरीची नायिका लायरा, प्राण्याच्या रूपात सदैव तिच्यासोबत राहणारा तिचा आत्मा म्हणजे पॅन्टलायमन नावाचा डेमन, आणि चिलखत घालून लढणारे योरेक अस्वल ही तिघे तिला घरचीच वाटू लागली होती. शेवटची तीन प्रकरणे मात्र मी सांगितली नाहीत, कारण ती तिने पडद्यावरच पाहावीत अशी माझी फार इच्छा होती.

दोन अस्वलांच्या द्वंद्वात योरेक एका फटक्यात प्रतिस्पर्ध्याचा जबडा उडवतो, तो क्षण पडद्यावर आला तेव्हा तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. चित्रपटात अस्वलांच्या राजाचे नाव बदललेले होते आणि बोल्व्हांगार (पळवलेल्या मुलांना डांबून ठेवलेली जागा) व स्वालबार्ड (अस्वलांचे राज्य) इथल्या प्रसंगांचा क्रमही उलटा केला होता, पण त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्कर मिळाले, तेही योग्यच झाले. मग लायरा आणि तिचा मित्र रॉजर मोठ्या आशेने तिच्या वडिलांकडे निघाले आणि तिथेच चित्रपट संपला.

(पुस्तक न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) ज्या मित्राला सोडवण्यासाठी लायरा जिवावर उदार होते, त्यालाच ती नकळत मृत्यूच्या दारात नेऊन उभे करते. तिचे वडील लॉर्ड अ‍ॅझ्रिएल रॉजरला त्याच्या डेमनपासून तोडतात आणि त्यातून सुटलेल्या शक्तीने दुसऱ्या जगाची वाट उघडतात. सबंध कादंबरी पहिल्या पानापासून या विश्वासघाताच्या दिशेने चाललेली असते. हे प्रसंग चित्रित झालेले होते, परंतु पुढच्या भागाची सुरुवात त्यांनी करावी म्हणून ते राखून ठेवले गेले आणि तो पुढचा भाग कधी निघालाच नाही. घरी आल्यावर बहिणीने आनंदाने सगळ्यांना सांगितले, "रॉजर वाचला!"

माझा थोरला भाऊ तेव्हापासून आजतागायत म्हणत आला आहे की माध्यम वेगळे असते, मुलांच्या चित्रपटाचा शेवट गोड केला तर काय बिघडले, आणि पुस्तकवेड्यांचे समाधान कशानेच होत नाही. माध्यम वेगळे असते हे मलाही मान्य आहे. परंतु लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ मध्ये या मालिकेची तिन्ही पुस्तके दोन भागांच्या नाटकात बसवली, अस्वले आणि डेमनही रंगमंचावर उभे केले आणि रॉजरचा मृत्यू गाळला नाही. जे रंगमंचावर जमले, ते कोट्यवधी डॉलर खर्चून पडद्यावर जमत नसेल, तर दोष माध्यमाचा नसून कच खाण्याचा आहे.

प्रत्येक रूपांतराची अशीच गत होते, असे अर्थातच नाही. याच पुस्तकावरची दूरचित्रवाणी मालिका २०१९ मध्ये आली आणि तिच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस तो शेवट पडद्यावर आला. ज्यांच्या वाट्याला असे रूपांतर पहिल्याच खेपेला येते, त्यांना आधी पुस्तक उघडले नाही तरी चालेल.

तेव्हा आपण पहिल्याच दिवशी जावे, नावे आणि प्रसंगांचे क्रम खुशाल बदलू द्यावेत, पण शेवट जागेवर आहे का एवढे काटेकोरपणे पाहावे. तो नसेल आणि घरातले कोणी आपल्याला माध्यमाचे धडे देऊ लागले, तर त्यांच्या हाती पुस्तकाची शेवटची प्रकरणे द्यावीत. माझ्या भावाने ती अजून वाचलेली नाहीत.