घरी बनवलेली गो-कार्ट स्टेअरिंग फिरवूनही सरळच का पळते?

तुम्ही लिहिलंय की मागचा ॲक्सल अखंड आहे, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी पुढचे टायर घासत कार्ट सरळच जाते आणि जो तो 'ॲकरमन चुकलाय' म्हणतो, म्हणजे वळताना आतलं पुढचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणारी रचना चुकलीय. ॲकरमन तपासाच, पण माझा संशय कॅस्टरवर आहे, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनभोवती वळतं त्या किंगपिनच्या मागे झुकण्यावर.

ॲकरमन आधी उरकून टाका. दोन्ही किंगपिनपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यावर दोऱ्या ताणा. टाय रॉड (दोन्ही चाकांचे आर्म जोडणारा दांडा) किंगपिनच्या मागे असेल, तर स्टेअरिंग आर्मचं (चाक वळवणाऱ्या दांडीचं) टाय रॉडसाठीचं भोक त्या दोरीवर यायला हवं. किंगपिनमधलं अंतर ८०० मिमी आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०४० मिमी धरला तर आर्म साधारण २१ अंश आत कलतो. आतलं चाक ३० अंश वळलं की बाहेरचं २२ च्या आसपास वळायला हवं. एखाद-दुसऱ्या अंशाने काही अडत नाही.

खरी गोम मागे आहे. अखंड ॲक्सलवर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणात आतल्या चाकाची वाट लहान, पण ते तेवढंच फिरतं आणि कार्टला सरळ रेटत राहतं. म्हणून वळताना ते उचललं गेलं पाहिजे, निदान हलकं तरी झालं पाहिजे. हे काम पुढचा कॅस्टर करतो. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असलं की स्टेअरिंग फिरवताना आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर सरकतं, आणि भार कर्णरेषेत सरकून मागचं आतलं चाक सुटतं. १० ते १२ अंशांपासून सुरुवात करा. बरेच जण मोटारीसारखं हलकं स्टेअरिंग हवं म्हणून किंगपिनची रेषा थेट टायरच्या मध्याखाली आणतात. कार्टला ते मारक, कारण किंगपिनची रेषा आणि टायरचा मध्य यांत आडवं अंतर उरलं नाही तर कॅस्टरला उचलायला जोरच मिळत नाही. स्टेअरिंग थोडं जड लागणारच.

तपासायला खर्च शून्य. चालवणाऱ्याला सीटवर बसवा, मागच्या आतल्या टायरखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवा. स्टेअरिंग सरळ असताना ती हलणार नाही. पूर्ण फिरवल्यावर ओढून बघा. तरीही घट्टच असेल तर किंगपिनचे ब्रॅकेट कापून कॅस्टर वाढवून पुन्हा टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा, आणि ही चाचणी पास होईपर्यंत पक्कं वेल्डिंग करू नका. कॅस्टर पुरेसा असूनही पट्टी सुटत नसेल तर चौकटच पिळतेय, तिला आडवा पाइप द्या.

टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांना किती समांतर आहेत ते, सगळ्यात शेवटी, माणूस बसवूनच. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर हबच्या उंचीवर मोजा, पुढे शून्य ते २ मिमी जास्त चालेल.

आणि स्टेअरिंगला दोन्ही बाजूंना स्टॉपर लावल्याशिवाय कार्ट रस्त्यावर काढू नका. आर्म आणि टाय रॉड एका रेषेत आले की आर्म उलटा पडतो आणि चाक तिथेच अडकतं. रॉड एंडच्या (टाय रॉडच्या टोकाच्या बॉल-सांध्याच्या) बोल्टला नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा, नायलॉनची रिंग असलेला नट) आणि मोठा वॉशर हवाच, म्हणजे बॉल झिजून निसटला तरी रॉड गळून पडत नाही.