एअर फ्रायरमध्ये सॉसेजेस फुटतात, आधी काट्याने टोचावीत का?

प्रश्न असा आहे: "इंदूरला राहतो. एअर फ्रायरमध्ये सॉसेजेस केली की फुटतात, धूर होतो आणि आतून कोरडी लागतात. तापमान किती, वेळ किती? आधी काट्याने टोचून घ्यायची का? की हे सगळं सोडून ओटीजीच (विजेचा ओव्हन) घ्यावा?"

टोचू नका. बाकीचं नंतर, आधी हे. काटा खाली ठेवा.

आमचे भाऊजी टोचतात. सॉसेज दिसलं की त्यांचा हात आपोआप काट्याकडे जातो, आणि एकेका सॉसेजला सात-आठ भोकं पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "चरबी निघून जाते, वहिनी, हेल्दी होतं." हा वाद तव्याच्या काळापासून चालू आहे आणि एअर फ्रायर आल्यावर तर त्यांना आणखीच जोर चढला, कारण खालच्या भांड्यात साठलेली चरबी आता ते पुरावा म्हणून दाखवतात.

त्या भांड्यात नुसती चरबी नसते. खिम्यातलं पाणी, मीठ आणि त्यात विरघळलेली प्रथिनं, म्हणजे ज्याला आपण रस म्हणतो, तोही तिथेच येतो. आणि तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तिथूनच सुरू होतात. रस गेला की आतून कोरडं. चरबी गरम भांड्यात ठिबकली की वरचा पंखा तिचे बारीक तुषार उडवतो, ते कॉइलला लागतात, आणि धूर. राहिलं फुटणं, तर त्याचं कारण वेगळंच आहे आणि टोचण्याने ते जात नाही.

कच्च्या सॉसेजचं साल आतड्याचं किंवा कोलॅजनचं असतं. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास कोलॅजन आकसायला लागतं. त्याच वेळी आतला खिमा गरम होऊन फुगतो. थंडगार सॉसेज थेट २०० अंशांच्या वाऱ्यात ठेवलं तर साल वाळून ताठ होतं, आतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, आणि मग उसवलेल्या शिवणीसारखं ते लांबीला फाटतं. टोचलेलं असेल तर बहुतेकदा त्या भोकापासूनच फाटायला सुरुवात होते. म्हणजे उपाय काट्यात नाही, तापमानात आहे: सुरुवात कमी आचेवर, रंग शेवटी.

आता पाकीट हातात घ्या, कारण इथे दोन वेगळ्याच वस्तू एका नावाने विकल्या जातात. आपल्याकडे फ्रीझरमध्ये मिळणारी बहुतेक चिकन सॉसेजेस कारखान्यातच शिजवलेली असतात. खिमा, चरबी आणि बर्फ एकत्र इतका बारीक वाटलेला असतो की पाणी आणि चरबी प्रथिनांच्या जाळ्यात अडकून बसतात. बऱ्याच प्रकारांना सालही नसतं. सेल्युलोजच्या नळीत शिजवून ती नळी कारखान्यातच सोलून टाकतात. यांना तुम्हाला फक्त गरम करायचंय आणि बाहेरून खरपूस करायचंय. यातून टोचून चरबी काढणं म्हणजे इडलीला भोकं पाडून पाणी काढण्यासारखं. भाऊजी यांनाही टोचतात. (पाकिटावर आवरण काढायला सांगितलं असेल तर आधी ते काढा, तो कागदासारखा पापुद्रा खायचा नसतो.)

शिजवलेल्या, साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या नाश्त्याच्या सॉसेजला १८० अंशांवर सात ते आठ मिनिटं, चौथ्या मिनिटाला एकदा उलटायची. कॉकटेल आकाराच्या छोट्यांना पाच-सहा मिनिटं पुरे. चिकनच्या सॉसेजमध्ये चरबी कमी असते म्हणून सहा नगांना अर्धा चमचा तेल हाताने चोळायचं. डब्यातला स्प्रे मारू नका, त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि मग तो कशानेही निघत नाही. दहा मिनिटांच्या वर गेलात तर टोकं वातड होणार, त्याला मशीन जबाबदार नाही.

कच्च्यांचं मात्र नीट करायला हवं. एक खेप कशी जाते ते सांगते. डुकराची जाड, तीन सेंटिमीटरची सॉसेजेस आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवायची. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात पाऊण तास. ओट्यावर ठेवून जाऊ नका. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात बत्तीसच्या वर पारा सहज असतो, आणि त्या उष्म्यात कच्चं मांस तासाभराच्या वर बाहेर ठेवायचं नसतं. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलीत तर टोकं शिजतात आणि मध्य बर्फच राहतो. मग सॉसेजेस कागदाने कोरडी करायची. ओल राहिली तर पहिली काही मिनिटं नुसती वाफ काढण्यात जातात आणि रंग येत नाही. जोडून आलेली असतील तर मधला पीळ कात्रीने कापायचा, तो ओढून तोडला की टोक उघडं पडतं आणि खिमा बाहेर येतो.

मशीन १६० वर तीन मिनिटं रिकामं तापवायचं. बटर पेपर या वेळी आत टाकू नका, वर वजन नसल्याने तो उडून कॉइलला चिकटतो. चार लिटरच्या बास्केटमध्ये सहा नग, एकाच थरात, दोघांत बोटभर जागा. एकाला एक चिकटून ठेवली तर ती बाजू पांढरट, उकडल्यासारखी राहते. चरबीवाल्या डुकराच्या सॉसेजला जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घातलं तर ठिबकलेली चरबी तापून धुरावत नाही. काही कंपन्या पाणी घालू नका म्हणतात, तेव्हा आपल्या मशीनचं माहितीपत्रक आधी वाचा. १६० वर आठ मिनिटं. उघडून चिमट्याने उलटायची (चिमट्यानेच, इथेही काटा नको). मग १९० वर चार मिनिटं. साल चकचकीत तपकिरी झालं की एक बाहेर काढून टोकातून लांबीच्या दिशेने थर्मामीटर घालायचा: डुकराच्या खिम्याला ७१ अंश, चिकनच्याला ७४. कमी असेल तर दोन-दोन मिनिटं वाढवत जायची. कापून रंग बघू नका. नायट्राइट (मांस टिकवायला घालतात ते क्षार) घातलेलं मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबी राहतं, आणि न घातलेलं कधीकधी आतून कच्चं असूनही राखाडी दिसतं. बाहेर काढल्यावर तीन मिनिटं तशीच राहू द्या, रस आत परत मुरतो.

आणि तरीही मिनिटं जुळत नाहीत म्हणून लोक रेसिपीला शिव्या देतात. आधी प्लग कुठे लावलाय ते बघा. आपल्याकडे कित्येक घरांत सॉसेजचा वास स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून मशीनची रवानगी गॅलरीत होते आणि हॉलमधून बारीक वायरचं एक्स्टेन्शन जातं. १५०० वॉटचं मशीन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. म्हणजे सहा अँपिअरच्या सॉकेटच्या वर. बोर्ड तापतो, पिन काळी पडते, आणि लांब वायरमध्ये व्होल्टेजही पडतं. मशीनला २०० व्होल्टच मिळाले तर त्या १५०० चे साधारण ११३५ वॉट उरतात, पाव हिस्सा ताकद गेली. तेव्हा १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, अडॅप्टर लावून जुगाड नको. गॅलरीत तसा पॉइंट नसेल तर तो काढून घ्या, नाहीतर खिडकी उघडून स्वयंपाकघरातच करा. ज्यांना वास सहन होत नाही त्यांना त्या दिवशी सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत पाठवा.

धूर पाणी घालूनही येत असेल तर तो आजच्या सॉसेजचा नाही, मागच्या महिन्यातल्या चरबीचा आहे. प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, मशीन उलटं करा आणि वरच्या कॉइलकडे बघा. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि मऊ ब्रश, बस. तारेची घासणी ना कॉइलला, ना बास्केटला.

इंदूरकरांसाठी खास: आपलं छप्पन दुकान या खाऊगल्लीतलं हॉट डॉग म्हणजे गोल पावात टिक्की किंवा कबाब, त्यात लांब सॉसेज नसतंच. बाहेरच्या पाहुण्याला हे समजावता समजावता पाव थंड होतो. त्या गोल पावात सॉसेज घालायचं असेल तर शिजलेलं सॉसेज लांबीला चिरून पुस्तकासारखं उघडा, आडवं अर्धं करा, आणि कापलेली बाजू वर ठेवून १९० वर दोन मिनिटं. पाव तव्यावर लोण्यातच भाजा. एअर फ्रायरमध्ये पावाचा वरचा अर्धा भाग हलका म्हणून उडतो आणि वर जाऊन करपतो.

गोव्याची चोरीस, म्हणजे तिथलं डुकराचं मसालेदार सॉसेज, यात घालू नका. त्यातली मिरची कोरड्या वाऱ्यात करपून कडू होते आणि चरबी सगळी खाली जाते, जी खरं तर कांद्या-बटाट्यात मुरायला हवी. ती कढईची वस्तू आहे. सोयाची सॉसेजेस चालतात, त्यांना तेल जरा सढळ हाताने लावा आणि सहा मिनिटांत काढा.

आता "हेल्दी"चं एकदा मिटवते. एअर फ्रायर तळत नाही. तो पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आणला तेव्हापासून नावातल्या "फ्रायर"ने लोकांचा गैरसमज झालाय. तळणीच्या मानाने तेल वाचतं हे खरं, पण सॉसेज मुळात कोण तळतं? भोकं पाडून थोडी चरबी गेली तरी बरंचसं मीठ आणि नायट्राइट आतच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींत टाकलं, ते टोचलेलं की न टोचलेलं असा भेद करून नाही. चरबी कमी हवी असेल तर चिकनचं आणा, कमी खा, महिन्यातून एकदा खा. पण जे खायचं ते रसाळ तरी खा.

टोचायची सवय आली कुठून, तर ब्रिटनमध्ये सॉसेजला बँगर म्हणतात आणि महायुद्धाच्या टंचाईत मांस कमी, पाणी नि पावाचा चुरा जास्त असल्याने ती तव्यावर फटाक्यासारखी फुटत, असं सांगतात. त्या सॉसेजला भोकं पाडणं समजू शकतं.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा, नाहीतर भाऊजी हे वाचून फोन करतील. घरी भरलेल्या किंवा खाटकाकडून ताज्या आणलेल्या सॉसेजमध्ये सालाखाली हवेचा बुडबुडा दिसला, तर तेवढ्याच जागी सुईने एक टोचा द्यायचा. भरणारे कारागीरही तेच करतात. ती सुई हवेसाठी असते, चरबीसाठी नाही, आणि ती सुई असते, काटा नाही.

ओटीजीचं राहिलं. केक करत असाल तर घ्या.